चार दिवस सुट्टीचे

2024 सालच्या दिवाळीने नोकरदार माणसावर मोठीच मेहेरबानी केली होती. नरकचतुर्दशी गुरुवारी, लक्ष्मीपूजन शुक्रवारी, पाडवा शनिवारी आणि भाऊबीज रविवारी! साहेबापुढे जाऊन खोटा ताप आणायला नको, की गावाकडच्या आजोबांना तिसऱ्यांदा मारायला नको. चार दिवस सरळ सुट्टी. अमावास्या कोणत्या संध्याकाळी धरायची यावर त्या वर्षी पंचांगकर्त्यांत पुष्कळ वादावादी झाली, आणि देशात कितीकांनी लक्ष्मीपूजन गुरुवारीच उरकून घेतले. पण आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या कालनिर्णयाने शुक्रवार म्हटल्यावर आमच्यापुरता निकाल लागलाच होता.

मी निवृत्त माणूस. मला रोजच रविवार. परंतु पुण्याहून चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू येणार म्हणून आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घरात आठ दिवस आधीपासून बेत शिजत होते. चकल्या नंतर, बेत आधी! सूनबाईंनी पुण्याहूनच फोनवरून पाडव्याच्या ‘दिवाळी पहाट’चे पाच पास मिळवून ठेवले होते. ही पहाट म्हणजे आता शहरी दिवाळीचा पाचवा दिवसच झाला आहे. चतुरंग प्रतिष्ठानने मुंबईकडे ही प्रथा पाडली, आणि पाहता पाहता प्रत्येक शहरात, प्रत्येक मैदानावर, नव्या कपड्यांच्या घड्या न मोडता बसून गाणे ऐकण्याची सोय झाली. मला ती आवडते. उगाच खोटे कशाला बोला? गाणे चांगले असते, चहा मिळतो, आणि चार जुने स्नेही भेटतात.

घोटाळा झाला तो दादाच्या फोनने.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ते पिशोरला असतात. कन्नड तालुक्यातले, अंजना नदीच्या काठचे हे आमचे गाव. तसे बाजारपेठेचे, मोठे, पण मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी नाव ऐकले नसले तर त्यात त्यांचा दोष नाही. गुरुजी म्हणून नोकरी करून दादा तेथेच शेतीवर राहिले. मी बँकेत लागलो आणि शहराचा झालो. वर्षातून दोनदा फोनवर ते एकच वाक्य बोलतात, “कव्हा येतोस?” आणि मी एकच उत्तर देतो, “बघतो.” या वेळी मात्र ते म्हणाले, “बघू नकोस. काकडा चालू आहे. यंदा पाडव्याला ये. त्यानंतर मृदंग नाही.”

“नाही म्हणजे?”

“ये म्हणजे कळेल,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. गुरुजी माणसे! मुलाला उत्तर सांगून टाकले तर तो विसरतो, यावर त्यांचा आजही विश्वास आहे.

झाले! घरात दोन पक्ष पडले. एका बाजूला पाच पास, दुसऱ्या बाजूला एक मृदंग. सौभाग्यवतींनी आधी तटस्थ धोरण स्वीकारले. चिरंजीव मोबाइलमध्ये डोके घालून “तुम्ही ठरवा, मी गाडी चालवतो” असे म्हणाले. शेवटी सूनबाईच म्हणाल्या, “जाऊ या बाबा. पास शेजारच्यांना देते. पण तिकडे काही कार्यक्रम असतात ना?” मी म्हटले, “असतात की!” कोणते, ते तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, कारण मला स्वतःलाच धड ठाऊक नव्हते. शेवटची दिवाळी मी पिशोरला केली त्याला बावीस वर्षे होऊन गेली होती.

गुरुवारी अभ्यंगस्नान घरीच केले, कारीट फोडले, फराळाचे डबे भरले आणि शुक्रवारी सकाळी निघालो. आमच्या हिने घृष्णेश्वराचे दर्शन हवे म्हणून अट घातली, त्यामुळे वेरूळवरून, कन्नडवरून लांबचा रस्ता घेतला. वेरूळला सारे शहर लोटले होते. गाडी ठेवायला जागा नाही, कणसे भाजणाऱ्यांना उसंत नाही. दर्शन झाल्यावर नातवाला कैलास लेणे दाखवले. हे देऊळ बांधलेले नाही, वरून खाली खोदत आणलेले आहे, एवढे सांगितल्यावर तो पाच मिनिटे गप्प उभा राहिला. पाच मिनिटे! त्याच्या आईने वेळ मोजली.

याच कैलासाच्या पुढ्यात एके काळी सरकारी वेरूळ महोत्सव होत असे. मोठमोठे गवई आणि नर्तक येत; मागे तो काळा डोंगर, आणि वर चांदणे. आम्ही बँकेतली मंडळी बस करून येत होतो. पुढे लेण्यांना धक्का पोहोचू नये म्हणून तो शहरात सोनेरी महालाकडे नेला, आणि ते योग्यच झाले. नंतर मध्ये काही वर्षे तो झालाच नाही. 2023 च्या फेब्रुवारीत पुन्हा झाला. सरकारी उत्सवाचे असेच असते. त्याला मंजुरी लागते, निधी लागतो, आणि दुष्काळ पडला की पहिली कात्री त्यालाच लागते.

दुपारी पिशोरला पोहोचलो. दादा ओट्यावरच बसले होते. वहिनींनी मुलाबाळांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि सूनबाईंनी हातपाय धुऊन होताच, पुण्याच्या माणसाच्या नेमकेपणाने विचारले, “काका, इथे सुट्टीत काय काय कार्यक्रम असतात?”

दादांनी बोटे मोजली. “आज रात्री तांड्यावर मेरा. उद्या पहाटे काकडा. उद्या दिवसभर आणि परवा दिवसभर प्रचाराच्या गाड्या. सोमवारी ट्रॅक्टर.”

“ट्रॅक्टरची शर्यत?”

“नाही,” दादा म्हणाले, “ट्रॅक्टर.”

प्रचाराच्या गाड्यांचा उलगडा लगेच झाला. विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते, आणि फटाक्यांपेक्षा भोंग्यांचा आवाज मोठा होता. ट्रॅक्टरचा उलगडा व्हायला मात्र दुसरी पहाट उजाडावी लागली.

लक्ष्मीपूजनाला अवकाश होता, म्हणून मी नातवाला गाव दाखवायला निघालो. आता गाव दाखवणे म्हणजे काय, तर येथे अमुक होते आणि तेथे तमुक होते, असे सांगत चालणे. मोकळ्या मैदानापाशी आल्यावर मी म्हटले, “येथे सिनेमाचा तंबू लागत असे.” त्याला तंबू कळला, सिनेमाही कळला, पण दोन्ही मिळून काय होते ते कळेना. मग मला सांगावेच लागले.

साठच्या दशकातली गोष्ट. सुगी झाली, माणसांच्या हातात चार पैसे आले की तंबूवाला येई. दिवसा बैलगाडीवर भोंगा लावून गावभर ओरडत हिंडे. मागे आम्ही पोरे, हिरव्या-गुलाबी कागदांच्या जाहिराती वेचत. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे, कारण तंबूला भोके असत. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये दोर. घरून आणलेले पोते अंथरायचे. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपले की अंधार. तेवढ्यात कोणाचे तरी पोर हरवायचे, त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा, आणि ते सापडल्यावर नायिकेपेक्षा जास्त टाळ्या त्याला मिळायच्या. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नसत तो मागच्या बाजूने कनात उचलून पडदा उलट्या अंगाने बघायचा. आमच्या वर्गातल्या एका गड्याने अशी कितीतरी चित्रे पाहिली, आणि सारे नट डावखुरे असतात अशी त्याची पुष्कळ वर्षे समजूत होती.

असे तंबू महाराष्ट्रातल्या जत्रांतून अगदी अलीकडेपर्यंत फिरत होते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी त्यांच्या मागे वर्षानुवर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. तो 2016 साली थेट कान महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे आमचा तंबू परदेशी गाजला तो गावातून उठता उठता. नातवाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, मागे बसणाऱ्याला कोणी पकडत नव्हते?” मी म्हटले, “पकडत असत. पण रीळ बदलायच्या वेळी.”

आमच्या वडिलांच्या लहानपणी तर हेही नव्हते. निजामाचे राज्य. तेव्हा कचेऱ्यांना सुट्टीच मुळी रविवारी नसे, शुक्रवारी असे. आणि चार माणसे एकत्र यायची म्हणजे सरकारला शंका. ‘गश्ती निशान 53’ नावाचे एक फर्मान होते. परवान्याशिवाय सभा नाही. आखाड्यांवर निर्बंध, खासगी शाळांवर निर्बंध. नाटक करावे, मेळा काढावा, व्याख्यान ठेवावे असे मनात आले की आधी अर्ज लिहायचा, तोही उर्दूतून. वडील सांगत की माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून घेत, ती फक्त देवळात. 17 सप्टेंबर 1948 नंतर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? सभेला नाही गेले. कोणालाही न विचारता, भर दुपारी, उगीचच, चौकात उभे राहून मित्रांशी मोठ्याने गप्पा मारल्या. हे ते वारंवार सांगत, आणि आम्ही मुले कंटाळत असू. आता त्यातले मोठेपण ध्यानात येते. पण सांगणारा गेला.

रात्री पूजा झाली. साळीच्या लाह्या, बत्तासे, केरसुणीला हळदकुंकू, सारे यथासांग झाले. मग दादा आम्हा सर्वांना गाडीत घालून डोंगराकडच्या एका बंजारा तांड्यावर घेऊन गेले. तेथल्या नायकाचा मुलगा दादांचा विद्यार्थी. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातल्या लग्नाच्या व्हायच्या मुली नटूनथटून, हातात दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागत फिरतात. आधी नायकाच्या घरी, मग एकेका दारात. त्यांच्या गोर बोलीत गाणे म्हणत घरधन्याचे शुभ चिंतायचे, आणि घरच्यांनी काही ना काही द्यायचे. विजेचे दिवे कोणीतरी मुद्दाम मालवले होते. दहा-बारा दिव्यांची ती रांग उतारावरून वळली, तेव्हा सूनबाईंनी फोटो काढायला मोबाइल वर केला, आणि का कोण जाणे, पुन्हा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी याच मुली रानात जाऊन फुले आणतात आणि शेणाच्या गोधनावर खोचतात. जिचे लग्न ठरलेले असते तिची माहेरच्या तांड्यावरची ती शेवटची दिवाळी. तेथे रानात मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडायचे तेवढे रडून घेतात म्हणे. हे आम्हाला नायकाच्या बायकोने सांगितले. त्या बाईने सौभाग्यवतींना बसायला बाज दिली, चहा दिला, आणि सहज बोलता बोलता म्हणाली, “बरं झालं आज आलात. पुढच्या आठवड्यात इथं म्हातारे आन् कुत्री, एवढंच राहतं.”

आमच्या हिने “का हो?” म्हणून विचारले. त्या बाईला प्रश्नच कळला नाही. साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट या बाईला कशी ठाऊक नाही, असा तिचा चेहरा झाला.

पहाटे चारला दादांनी हाक मारली. मी उठलो. चिरंजीव उठले नाहीत. नातू मात्र टुणकन उठला, कारण त्याला वाटले फटाके उडवायचे आहेत. मफलर गुंडाळून आम्ही तिघे मारुतीच्या देवळात गेलो. आमच्या भागात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे काकडा चालतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना वाटेल की ही नुसती आरती. तसे नव्हे. आधी देवाला उठवायच्या भूपाळ्या, मग अभंग, मग गौळणी, आणि मग रूपके: वासुदेव येतो, जोगी येतो, आंधळा येतो, पांगळा येतो. म्हणजे अंधारात, तिकिटाशिवाय, दोन तासांचा नाट्यप्रयोगच, आणि रोज. लहानपणी आम्ही पांगळ्याच्या अभंगाची वाट पाहत जागे राहत असू, कारण तो म्हणणारे एक आजोबा खरोखरच पाय ओढीत चालत. ते सोंग नव्हते, त्यांना गुडघ्याचा त्रास होता, हे पुढे कळले.

किती माणसे असावीत? मी मोजली. नऊ. माझ्या लहानपणी देवळात जागा मिळत नसे, म्हणून आम्हा पोरांना पायऱ्यांवर बसवीत. नवांतले सात साठीच्या पुढचे. दोघांचे दात नव्हते, त्यामुळे अभंगातली अक्षरे कशी लागत होती ते देव जाणे. परंतु मृदंग! मृदंगावर एक अडतीस-चाळिशीचा काळासावळा गडी बसला होता. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, शेजारी त्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्याने डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक थापली, अंगठ्याने कडेकडेने दाबली, एक थाप मारली, आणि देवळाचे जुने दगड जणू पुढे सरकून बसले. मला संगीतातले फारसे कळत नाही. पण पुढचे दोन तास त्या एका माणसाने आठ म्हाताऱ्यांना उचलून धरले, एवढे कळले. कोणाचा श्वास संपला की त्याचा हात भरून काढी. कोणी ओळ विसरला की तो तिहाई घेऊन त्याला विचार करायला वेळ देई. त्याचा मुलगा मांडीवर तीच बोटे वाजवीत होता. माझा नातू त्याच्याकडे बघत होता, आणि गौळणीच्या सुमारास माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपला.

उजाडल्यावर प्रसादाचा शिरा घेऊन पायऱ्यांवर बसलो. तेथे सारे कळले. हा मृदंगवाला सोमवारी ऊसतोडीला चालला होता.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. साखरेच्या चहात बुडालेल्या आपणा लोकांना ते ठाऊक असलेच पाहिजे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या कितीतरी आधीच मुकादम येतो आणि कोयत्याला उचल देतो. ती उचल घरात लग्न, दवाखाना, बियाणे यांत केव्हाच संपलेली असते. मग दिवाळी झाली की टोळी ट्रॅक्टरमध्ये चढते आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडते. त्या वर्षी सरकारने गाळप 15 नोव्हेंबरपासून ठरवले होते. कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे काकड्याची समाप्ती, तीही नेमकी 15 नोव्हेंबरलाच! उमेदवारांच्या गाड्या ओरडत होत्या की मतदान करून जा. मुकादम म्हणत होता की कोप्या घालायच्या आहेत, आधी चला. आणि मृदंगवाला कोणालाच काही म्हणत नव्हता.

दादांनी त्याला माझ्यासमोर पुन्हा एकदा विचारले. पुन्हा, कारण आधी किती वेळा विचारून झाले होते ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. “तू जा. ते माझ्या हातात नाही. पण पोराला माझ्याकडे ठेव. शाळा बुडणार नाही, मृदंगही चालू राहील. समाप्तीला त्याला बसवू.”

तो कणीक खरवडून काढीत होता. “गुरुजी, माझं काय नाय हो. त्याच्या आईला विचारा.”

त्याची आई देवळाच्या खालच्या पायरीवर धाकट्या मुलीला घेऊन उभी होती. दीड-दोन वर्षांची मुलगी. त्या बाईने मान वर न करता सांगितले, “आम्ही दोघं फडात गेल्यावर हिला कोन बघंल? मोळीखाली पोरी जातेत, ट्रॅक्टरखाली जातेत. त्यो असला म्हंजी मला घोर नाय.”

याला काय उत्तर आहे? दादा पन्नास वर्षे मुलांना उत्तरे शिकवत आले, पण ते गप्प बसले. मीही बसलो. मला मध्येच असे वाटले की म्हणावे, आपण चार माणसांनी वर्गणी काढून तिची उचल फेडू. तोंडापर्यंत आले होते. पण मग हिशेब डोक्यात आला; त्याच्या मागे दुसरा कोयता, तिसरा कोयता आला; आणि बँकेत जन्म काढलेला माणूस मी, आकडा न उच्चारता गिळून टाकला. ते चांगले केले की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी येताना मी आपले काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “दादा, काय ऐकवलेस रे! शहरात पास काढून असे ऐकायला मिळत नाही.”

दादा रस्त्यातच थांबले. ते सहसा चिडत नाहीत. “तू येतोस, ऐकतोस, डोळे पुसतोस, जातोस. ऐकायला देव आहे. टाळ धरायला माणूस नाही.”

मला राग आला. खरेच आला. बावीस वर्षांनी माणूस पास सोडून येतो, आणि त्याला हे ऐकावे लागते! दिवसभर आम्ही दोघे एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोललो. दुपारी वहिनींनी दोघांनाही पाटावर शेजारी शेजारी बसवून ओवाळले, आणि श्रीखंडाचा दुसरा वाढा घेताना कोणाच्या तरी तोंडून “घे की” निघाले, तेव्हा कोठे ते मिटले. भावांची भांडणे फार करून अशीच मिटतात.

दोन्ही मुलांनी मात्र त्या दोन दिवसांत बरेच काही उरकले. सुतळी बॉम्ब, नदीकाठ, एक सायकल, आणि एक सरडा. रविवारी भाऊबीज झाली. आमच्या बहिणीचे सासर जवळच, ती आली होती. संध्याकाळी निघताना मृदंगवाल्याचा मुलगा आमच्या ओट्यावर आला. त्याच्या हातात मृदंग होता, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. त्याने तो दादांच्या स्वाधीन केला आणि मोठ्या माणसासारख्या सूचना दिल्या: ओल लागू द्यायची नाही, भिंतीला उभा करायचा नाही, आणि कोणी वाजवलाच तर कणीक लगेच काढायची, नाहीतर उंदीर कातडे कुरतडतात. नातवाने त्याला उरलेल्या फुलबाज्या दिल्या. त्याने त्या मोजून घेतल्या.

परत आलो. पास घेतलेले शेजारी भेटले. गाणे फार छान झाले म्हणाले, पण पुढच्या सहा रांगा देणगीदारांच्या, त्यामुळे गायिकेची फक्त वेणी दिसली. पुण्याची मंडळी पुण्याला गेली. आमचे घर पुन्हा दोन माणसांचे झाले, आणि फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे उरले.

14 नोव्हेंबरला संध्याकाळी मी पिशवी भरली. सौभाग्यवतींनी कोठे म्हणून विचारले नाही. फक्त कानटोपी आत टाकली. एस.टी.ने कन्नड, तेथून पिशोर. दादांनी दार उघडले आणि म्हणाले, “जेवलास का?”

पहाटे देवळात समाप्तीचा काकडा. माझ्या हातात टाळ आला. लहानपणी धरला होता, त्यानंतर आताच. चार वेळा चुकलो, आणि शेजारच्या दात नसलेल्या आजोबांनी दोनदा कोपर मारले. मृदंगाला शेजारच्या गावाहून एक तरुण मुलगा बोलावला होता. येण्याजाण्याचे पैसे आणि वर दक्षिणा ठरवून. वाजवला बरा. पण म्हाताऱ्यांसाठी थांबायचे असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे आम्ही सारे त्याच्या मागे धावत होतो, आणि पांगळ्याच्या अभंगाला तर खरोखरच दम लागला. काल्याचे कीर्तन झाले, दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. पंगतीत मुख्यतः म्हातारी माणसे आणि बाया. पोरे थोडी.

दुपारी दादांचा फोन वाजला. मागे ट्रकचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज. मृदंगवाल्याचा मुलगा बोलत होता. समाप्ती झाली का, कोण वाजवायला होते, पंगतीला बुंदी होती का, असे त्याने एकामागून एक विचारले. मग म्हणाला, “गुरुजी, कणीक काढली का?”

दादांनी माझ्याकडे पाहिले. दक्षिणा घेऊन तो तरुण केव्हाच मोटारसायकलवरून गेला होता. मृदंग देवळात होता, तसाच.

“काढतो,” मी म्हणालो, आणि चमचा घेऊन गेलो. वाळायला लागली होती. कडेची तर दगडासारखी झाली होती. ओल्या फडक्याने भिजवून भिजवून, कातड्याला ओरखडा न जाता ती काढायला मला पाऊण तास लागला.